नऊ तासांचा रस्ता, जागच्या जागी

ज्या कार्यालयाचे नाव मी येथे घेणार नाही, त्याला मी आजवर सतरा पत्रे लिहिली. अकरा पत्रांची पोच मिळाली. उत्तर एकाचेही मिळाले नाही, कारण ‘आपले म्हणणे विचाराधीन आहे’ या वाक्याला उत्तर म्हणण्याची माझी तयारी नाही. प्रश्न मात्र साधा होता. कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र आमच्या बेटाच्या एका टोकाला, राजधानी सेंट जॉन्समध्ये, आणि माणसे बेटभर विखुरलेली. मग आमच्या वेस्टर कोव्हसारख्या गावातल्या बाईने रोजच्या दहा मिनिटांच्या उपचारासाठी, घरापासून नऊ तासांच्या अंतरावर, सहा आठवडे राहायचे तरी कसे?

ज्यांना विचारला त्यांनी हा प्रश्न सोडवला नाही. मेल्विना केन्सला तो कोणी विचारलाही नव्हता. तिने सोडवला, आणि तोही स्वतःच्या पदराला खार लावून. म्हणून अठरावे पत्र बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

मेल्विना मासळीच्या कारखान्यात खेकड्यांच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहणारी बाई. तिथे आठ आठ तास पाय बर्फगार पाण्यात असतात आणि हात सतत एकाच दिशेने झटके देत असतात. उंच, रुंद हाडाची, बोलायला लागली की यंत्राच्या खडखडाटातूनही ऐकू येणारी. एकोणचाळिसाव्या वर्षी तिचे एक स्तन कर्करोगामुळे काढून टाकावे लागले. दहा आठवड्यांनी ती कामावर परतली तेव्हा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दवाखान्यात तिला व्यायामाचा एक कागद दिला होता. त्यावर सात चित्रे होती. घरी व्यायाम करायला तिला सवड नसे, म्हणून तिने तो कारखान्यातल्या जेवणाच्या खोलीत, चहाच्या किटलीच्या वर चिकटवला आणि पंधरा मिनिटांच्या सुट्टीत भिंतीवरून बोटे चालवत हात वर न्यायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी सगळा पट्टा हसला. एफी मावशी गावात कोणाची सख्खी मावशी नाही, पण आमच्याकडे साठीपलीकडचे सगळेच सगळ्यांचे काका आणि मावशी असतात. ती म्हणाली, “बये, भिंतीवर कपडे वाळत घालतेस का?”

“घालते ना मावशी,” मेल्विना म्हणाली. “तुमचाही खांदा आणा, वाळवून देते.”

मावशीने खांदा आणला, कारण खेकडे झटकून झटकून त्या पट्ट्यावरच्या एकाही बाईचा खांदा धड राहिलेला नव्हता. पंधरवड्यात अकरा बायका भिंतीला लागल्या. मग जागा पुरेना म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये जमू लागल्या. व्यायामाच्या पायऱ्या विकत आणायच्या तर शहरातून मागवायला हव्यात. मेल्विनाने कारखान्यातले मासळीचे राखाडी खोके पालथे घातले आणि त्यांवर चढ-उतार सुरू केली. खोके कितीही धुतले तरी वास जात नाही. आमच्या गावात व्यायामाला कॉड माशाचा वास येतो तो त्यामुळे. दोन वर्षांनी पुरुषही आले, आधी दारात उभे राहून टोमणे मारायला आणि नंतर स्वतःचा खोका घेऊन.

आमच्याकडे कोणाच्या घरात मोठे आजारपण आले, की त्याच्या नावाने हॉलमध्ये जेवण ठेवायचे अशी रीत आहे. दारात पैसे द्यायचे, ताट घ्यायचे, पत्ते खेळायचे. मेल्विनाने जेवणाच्या जागी खोके आणले. “माणूस तिकडं उलट्या करतोय आणि आपण त्याच्या नावानं बटाट्याचं सॅलड चापतोय,” असे तिचे म्हणणे. हॉलच्या भिंतीवर तिने बेटाचा नकाशा लावला. आमच्या गावापासून सेंट जॉन्सपर्यंत नऊ तास, म्हणून नऊ तास आळीपाळीने चढ-उतार चालायची. तासागणिक प्रत्येकाने कबूल केलेली रक्कम जमा व्हायची, आणि तासागणिक लाल टाचणी पुढे सरकायची: डियर लेक, ग्रँड फॉल्स, गँडर. गावकरी खोक्यावर चढून-उतरून घामाघूम होत होते, ते शेजाऱ्याला गाडीत बसून जाता यावे म्हणून. सुसंस्कृत देशात हे असे का करावे लागते, हे माझ्या बाराव्या पत्रात आहे.

सहा वर्षांत चार कुटुंबांसाठी हे झाले. एक जुनी गोष्ट मात्र तशीच राहिली. जाहिरातीवर त्या कुटुंबाचे नाव ठळक अक्षरांत यायचे, आणि त्या दिवशी त्या घरच्या माणसांनी पुढच्या खुर्च्यांवर बसून शेवटी आभाराचे दोन शब्द बोलायचे. त्यांना तिथे बसायचे आहे का, हे कोणी कधी विचारले नव्हते. मीही नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत डॅफ्नी पिलग्रिमच्या छातीत गाठ निघाली. डॅफ्नी अडतीस वर्षांची, गावच्या टपाल कार्यालयाच्या खिडकीत बसणारी. गावातल्या प्रत्येकाला कुठून काय येते हे तिला ठाऊक, आणि तिने ते कधी कोणाला सांगितलेले नाही. तिचा नवरा ल्यू खेकड्यांच्या बोटीवर. मोसम एप्रिल ते जुलै, आणि त्या चार महिन्यांवर वर्ष काढायचे. डॅफ्नी गेली ती थेट मेल्विनाच्या स्वैपाकघरात, कारण या वाटेने आधी गेलेली तेवढी एकच बाई तिच्या ओळखीची होती. तिथले बोलणे मेल्विनाने मला पुढे सांगितले, ते असे:

“मी सगळंच काढून टाकायला सांगते,” डॅफ्नी म्हणाली. “एकदाच काय ते. किरणं नकोत आणि सेंट जॉन्सही नको.”

“डॉक्टर काढा म्हणाला?”

“तो म्हणतो दोन्ही सारखंच. गाठ तेवढी काढली तरी चालेल, पण मग सहा आठवडे तिकडं राहायचं. महिनाअखेरच्या सोमवारी कळवा म्हणालाय.”

“तुला काढायचंय, की रस्ता लांब आहे म्हणून काढतेस?”

डॅफ्नीने कप बशीत फिरवला. “ल्यूनं बोट सोडली तर खायचं काय? आणि मी एकटी सहा आठवडे कुणा परक्याच्या खोलीत बसून भिंती मोजू? गँडरच्या पुढं मी कधी एकटी गेलेली नाही, मेल.”

“मग आपण हॉलमध्ये—”

“नाही.” डॅफ्नी उठलीच. “माझं नाव त्या कागदावर लागलं तर मी टपालाची खिडकी कायमची बंद करीन. तिकीट मागताना लोक माझ्या तोंडाकडं बघणार नाहीत. खाली बघतील.”

मेल्विनाने पुन्हा तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि हॉलच्या समितीचा चिटणीस आहे. जमलेल्या पैशांवर माझी सही लागते.

“सर, महिनाअखेरच्या शनिवारी हॉल पाहिजे. नऊ तास.”

“कुणासाठी?”

“जाहिरातीवर ‘कोव्हमधल्या एका कुटुंबासाठी’ एवढंच लिहायचं.”

“नियमाप्रमाणे मला नाव कळायला हवं.”

“कळेल. पण तुम्हाला गप्प राहता येतं का, ते मला ठाऊक नाही. तक्रार करताना तर तुम्हाला कधी गप्प बसलेलं ऐकलं नाही.”

मी शब्द दिला, आणि तिने नाव सांगितले.

जाहिरात सोमवारी लागली. तीनशे चाळीस वस्तीच्या गावात नाव नसलेली जाहिरात लावणे म्हणजे सगळ्या गावाला कोडे घालणे, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नव्हते. माझे वाचन आणि तिचे व्यवहारज्ञान दोन्ही तिथे कमी पडले. मंगळवारी दुपारपर्यंत गावाने उत्तर काढलेही. पूर्वी कर्करोग कोणाला झाला होता? मेल्विनाला. नाताळपासून कोण वाळले आहे? मेल्विना. स्वतःचे नाव घालायची लाज कोणाला वाटेल? जी आजवर दुसऱ्यांसाठी करत आली तिला. एफी मावशीने हे गणित दुकानात मांडले आणि कोणालाही त्यात चूक सापडली नाही.

बुधवारी मेल्विनाच्या दाराशी वाटाण्याचे सूप आले. गुरुवारी मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या, टिकवून भरलेल्या मटणाच्या चार बाटल्या, माशाची वडी, मनुका घालून उकडलेला पुडिंगचा गोळा. बर्ट्रम काकाने न विचारता अंगणात लाकडे फोडून रचली. कारखान्याच्या मॅनेजरने, ज्याने सात वर्षांत कोणाला अर्धा दिवस सुखासुखी दिलेला नव्हता, तिला सांगितले, “बरी होईपर्यंत येऊ नकोस, तुझी जागा कुठं जात नाही.” तिचा नवरा वॉल्टर म्हणे, “बायको चालली म्हणतात, आणि मी जन्मात इतका चांगला जेवलेलो नाही.”

मेल्विना माझ्याकडे आली तेव्हा खरोखरच आजारी दिसत होती.

“सर, माझ्या फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा उरलेली नाही. काल एफी मावशी माझा हात धरून रडली.”

“मग सांगून टाक, तू नाहीस म्हणून.”

“आणि मग उरलं कोण?” ती म्हणाली. “मी नाही म्हटलं की लोक पुढच्या दाराकडं वळणार. शोधत शोधत टपालाच्या खिडकीपाशी पोचायला त्यांना किती वेळ लागेल?”

रविवारी प्रार्थनेत धर्मगुरूने तिच्या प्रकृतीसाठी तिचे नाव घेऊन देवाला विनवले. ती मान खाली घालून बसून राहिली. मी मागच्या रांगेत होतो. फुकट मिळणारी कीव अंगावर घेऊन गप्प बसणे किती अवघड असते, ते मी त्या दिवशी तिच्या मानेच्या ताठ शिरांवरून पाहिले. कोणी मदत केली नाही म्हणून रागावणे त्यामानाने फार सोपे. त्यात माझा बराच सराव आहे.

पुढच्या शनिवारी सकाळी सातला तीस खोके मांडले गेले. बाहेर खाडीत अजून बर्फ होता. गाव एरवीपेक्षा दुप्पट आले. मेल्विना पुढे उभी राहून आकडे पुकारू लागली तशी एफी मावशी ओरडली, “अगं, तू बस. आम्ही चढतो, तू नुसती बघ.”

“मावशी, बसले तर गारठेन,” मेल्विना म्हणाली आणि चढत राहिली. पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर कोणीतरी गोधडी घडी करून ठेवली होती. ती तिच्यासाठी होती, आणि ती तिकडे बघत नव्हती.

टाचणी ग्रँड फॉल्सच्या अलीकडे असताना डॅफ्नी आली. हातात ताट. आमच्याकडे दुःखाला आणि सणाला तेच थंड ताट असते: टर्कीचा तुकडा, हॅमची चकती आणि बटाट्याच्या सॅलडचे तीन ढीग, एक पांढरा, एक मोहरीचा पिवळा, एक बिटाचा गुलाबी. तिने ते मेल्विनासमोर धरले.

“मला माफ कर, मेल. त्या दिवशी तुझ्या घरी बसून मी नुसतं माझंच रडगाणं गायले. तू तुझ्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस.”

मग कोट काढून ती पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खोक्यावर चढली. पैशांचे पाकीट तिने आधीच दारातल्या वर्गणीच्या पेटीत टाकले होते. दोन तास ती थांबली नाही.

मेल्विनाने आठवडाभर सगळ्या गावाचे सूप गिळले होते, पण तिला ते ताट गिळता येईना. गँडरला टाचणी लागली तेव्हा तिने डॅफ्नीला खुणेने मागच्या खोलीत बोलावले. तिथे मी चहा गाळत होतो. मी निघू लागलो.

“थांबा सर, तुमची सही आहे,” मेल्विना म्हणाली आणि डॅफ्नीकडे वळली. “हे माझ्यासाठी नाही.”

“मग कुणासाठी?”

भिंतीपलीकडे साठ पाय एकदम चढत होते, एकदम उतरत होते. डॅफ्नीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“मी नको म्हटलं होतं.”

“तू नाव नको म्हणालीस. नाव नाहीये कुठं.”

“म्हणजे मी दोन तास माझ्यासाठीच उड्या मारल्या?”

“आणि पाकीटही टाकलंस. ते मी काढून देते.”

“दिलेलं कुणी परत घेतं का?” डॅफ्नी फणकारली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुला कुणी सांगितलं होतं हे करायला? कुठल्या हक्कानं केलंस?”

“हक्क काही नाही.” मेल्विना खोक्यांच्या चळतीवर बसली. “माझं डॉक्टरनं काढायला लावलं, असं सगळ्यांना वाटतं. मी वाटू दिलं. मलाही दोन्ही विचारलं होतं, तुझ्यासारखंच. आई अंथरुणाला खिळलेली, कारखाना सुरू व्हायचा होता. मी एवढंच विचारलं, तिकडं जायला किती तास लागतात. तो म्हणाला नऊ. मी म्हटलं, काढा. पाच मिनिटं लागली असतील सगळ्याला.”

“वाईट वाटतं?”

“दिसण्याचं नाही वाटत. मला नक्की काय हवं होतं, ते मला आजपर्यंत माहीत नाही. त्याचं वाटतं.” तिने डॅफ्नीकडे पाहिले. “तुला काढायचं असलं तर काढ. मी येईन दवाखान्यात, बाहेर बसेन. पण एकटीनं राहावं लागेल म्हणून काढू नकोस. मी येते तिकडं, सहाच्या सहा आठवडे.”

“आणि तुझं काम?”

“माझं काय काम? मी तर आजारी आहे. मॅनेजरला विचार.”

डॅफ्नीला हसू आले. ते आवरताना तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिने ते माझ्या चहाच्या फडक्याने पुसले. मग ती बाहेर जाऊन पुन्हा खोक्यावर चढली.

चार वाजता टाचणी सेंट जॉन्सला लागली. टाळ्या थांबल्या आणि सगळे गाव मेल्विनाकडे पाहू लागले, कारण आता आभाराचे दोन शब्द यायचे होते. हो म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर सगळ्यांचे डोळे दुसरे दार शोधणार. तिने कपाळ पुसले.

“त्या घराच्या वतीनं मी सांगते,” ती म्हणाली. “त्यांनी तुमच्याकडं काही मागितलं नव्हतं. मागायला त्यांना फार जड गेलं असतं. तुम्ही मागायची वेळ येऊ दिली नाहीत. बस्स.”

लोकांना तो तिचा संकोच वाटला. एफी मावशी रडली. पहिल्या रांगेत डॅफ्नी टाळ्या वाजवत होती, इतरांपेक्षा थोड्या उशिरापर्यंत.

सोमवारी टपालाची खिडकी वीस मिनिटे उशिरा उघडली. असे पूर्वी कधी झाले नव्हते, म्हणून रांगेत कुजबूज होती. मेल्विना रांगेत होती, तिच्यामागे मी. तिची पाळी आल्यावर डॅफ्नीने तिकिटे मोजून पुढे सरकवली आणि विचारले, “जूनमध्ये सेंट जॉन्सला हवा कशी असते गं?”

“धुकं असतं म्हणतात,” मेल्विना म्हणाली.

एप्रिलमध्ये दोघी मिळून जवळच्या दवाखान्यात जाऊन आल्या. गाठ तेवढी काढून झाली. डॅफ्नीने गावात दाढेचे निमित्त सांगितले. जूनमध्ये त्या सेंट जॉन्सला गेल्या. मेल्विना उपचाराला निघाली आणि डॅफ्नी सोबतीला, असे गावाने मानले, आणि खिडकीवर बदली माणूस बसवून मैत्रिणीसाठी गेलेल्या डॅफ्नीचे फार कौतुक केले. तिथल्या खोलीचे भाडे आणि जेवण हॉलच्या पैशांतून भागले. संध्याकाळी त्या रुग्णनिवासाच्या बोळात मेल्विना बेटाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या बायकांना भिंतीवरून बोटे चालवायला लावी.

तिच्या सहा आठवड्यांच्या पगाराचे मात्र काही भागले नाही. मोसमाबाहेर मिळणाऱ्या बेकारी भत्त्यासाठी लागणारे कामाचे आठवडे त्या वर्षी तिचे भरले नाहीत. हिवाळा तिने आणि वॉल्टरने मुख्यतः मूसच्या मटणावर काढला. मी त्याबद्दलही लिहिले. विचाराधीन आहे. हे सगळे आज लिहिण्याची मुभा मला डॅफ्नीने स्वतः दिली. तिला आता नावाची भीती वाटत नाही. मेल्विना म्हणाली, लिहा, पण माझं वजन लिहू नका.

जुलैच्या शेवटी दोघींना आणायला मीच गाडी घेऊन गेलो. परतीचे नऊ तास त्या बहुतेक झोपल्या. कोव्हमध्ये शिरलो तेव्हा दुकानासमोर माणसे जमली होती. डॅफ्नीच्या चेहऱ्यावर थकवा होता आणि गळ्याखालची कातडी भाजल्यासारखी तांबूस होती, पण ती सोबतीण ना, म्हणून पिशव्या तिनेच उचलल्या. मेल्विनाचे हात पुढे झाले आणि सगळ्यांच्या नजरेखाली पुन्हा मागे गेले.

“बघ, मानवलं तुला,” एफी मावशी मेल्विनाला म्हणाली. “अंगानं भरलीस.”

“हो मावशी.”

तेवढ्यात धक्क्यावरून ल्यू आला. तीन दिवस समुद्रावर होता, अंगावर अजून रबरी कपडे होते. शेवटच्या तपासणीत काय निघाले ते त्याला कळलेले नव्हते. त्याने बायकोच्या हातातून दोन्ही पिशव्या घेतल्या. मग डॅफ्नीकडे न बघता, सगळ्या गावासमोर, त्याने मेल्विनाला विचारले, “काय म्हणाले डॉक्टर?”

“सगळं साफ आहे म्हणाले,” मेल्विना म्हणाली. “वर्षानं एकदा दाखवायला या.”

ल्यूने मान हलवली. पिशव्या खाली ठेवून त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि ती पुन्हा घालायला त्याला बराच वेळ लागला.